आई विरारला जातात

माझ्या सासूबाई, सुंदराबाई, जिवंतपणी कधी विरारला गेल्या नाहीत. एसटीत बसल्या की त्यांना उलट्या व्हायच्या. मेल्यावर मात्र आठवड्या-पंधरवड्याला त्यांच्या विरारच्या फेऱ्या सुरू झाल्या. तिथं माझा दीर हर्षद आणि धाकटी जाऊ दीपाली राहतात. आई दीपालीच्या स्वप्नात जायच्या.

मी हे हसण्यावारी नेतेय असं वाटेल, पण तसं नाही. माझा नुसता जळफळाट व्हायचा आणि तो कोणाला सांगायचीही सोय नव्हती. जावेचा हेवा करायचा, तोही तिला पडलेल्या स्वप्नांचा, हे कोणत्या तोंडानं सांगणार?

गेल्या वर्षी शिमग्याची पालखी घरी यायच्या आदल्या दिवशी आईंना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. पुढचे अकरा महिने त्यांचं सगळं मी केलं. मी अंगणवाडीत सेविका आहे. सकाळी आईंना पुसून, पेज भरवून, शेजारच्या तुळसाकाकींना जवळ बसवून मी जायची आणि दुपारी येऊन परत कूस बदलायची, चादर धुवायची, पाठीला पावडर लावायची. अकरा महिन्यांत पाठीला एक जखम होऊ दिली नाही. तपासायला आलेल्या डॉक्टरांनी विचारलं होतं, नर्स ठेवलीय का म्हणून.

दीपाली त्या अकरा महिन्यांत दोनदा आली. उशाशी बसली, आईंचा हात हातात घेऊन रडली आणि चौथ्या दिवशी गेली. तिला बघून आई डाव्या ओठानं हसायच्या. माझ्याकडे बघून कधी हसल्या नाहीत. मी बेडपॅन घेऊन येणारी, मला बघून कोण हसणार? एवढं मला कळत होतं. कळून राग काही जात नव्हता.

माघात आई गेल्या. आमच्याकडे दहाव्याच्या रात्री, माणूस जिथं गेलं त्या जागी तांदळाचं पीठ पसरतात, शेजारी दिवा ठेवतात आणि पिठावर टोपली झाकतात. सकाळी टोपली उचलून बघायचं, पिठात ठसा कसला उमटलाय. गेलेलं माणूस त्या रूपानं घरात येऊन गेलं असं धरतात. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण पीठ मी पसरलं, तळहातानं एकसारखं केलं, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी मीच उठून टोपलीपाशी बसले.

पिठात चार-पाच बारीक रेघा होत्या. झुरळ फिरलं होतं, दुसरं काय. दीपाली वाकून म्हणाली, "पाखराचं पाऊल हाय. आमच्या खोलीकडं तोंड करून गेलंय." लगेच सगळ्यांना पाखरू दिसायला लागलं. माझ्या नवऱ्याला, महेंद्रलासुद्धा. झुरळ म्हटलं असतं तर हिला बघवत नाही असं झालं असतं. आणि मला खरंच बघवत नव्हतं.

त्यानंतर फोन सुरू झाले.

"ताई, पहाटं आई आलेल्या. माझ्या किचनात स्टुलावर बसल्या नि बोलल्या, दीपा, घावन नि नारळाचा रस खावासा वाटतोय गो."

आता विरारच्या तिसऱ्या मजल्यावरून आईंपर्यंत घावन पोचणार नाहीत, ते गावच्या घरातूनच पोचणार, हे ओघानंच आलं. मी नारळ फोडला, खोवला, रस काढला, घावन घातले आणि पानावर वाढून परसात कावळ्याला ठेवले. स्वप्न तिचं, घाम माझा. दुसऱ्यांदा आईंनी लाल काठाचं लुगडं दीपालीच्या मुलीला, ईशाला द्यायला सांगितलं. मी ट्रंकेतून काढून, घडी घालून, येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवून दिलं. लुगड्याचं मला काही नाही. पण माझ्यापाशी अकरा महिने एक अक्षर न बोललेली बाई विरारला जाऊन घडाघडा बोलत होती, हे मला सोसवत नव्हतं.

त्यात तुळसाकाकी एकदा तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "ज्याच्यावर जीव असतो ना गो, मेलेलं माणूस त्याच्याच सपनात येतं." त्यांच्या मनात काही नव्हतं. पण बोट नेमकं वर्मावर पडलं.

मग मीही वाट बघायला लागले. आईंच्या खाटेवर झोपून बघितलं, त्यांची गोधडी पांघरून बघितली. एकदा स्वप्न पडलं, तर त्यात आमच्या सुपरवायझर बाई पोरांची वजनं पुन्हा घ्यायला सांगत होत्या.

मे महिन्यात दीपाली सुट्टीला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पडवीत चहा घेत होतो. मी, ती आणि महेंद्र. हर्षद पोरांना घेऊन नदीवर गेला होता. महेंद्र जयगडच्या बंदरावर शिफ्टमध्ये कामाला आहे, त्या दिवशी त्याची सुट्टी होती. दीपालीनं बशीत चहा ओतला आणि नवीन स्वप्न काढलं.

"आई कशा तजेलदार दिसत होत्या. बोलल्या, माझी सगळी सेवा देवानं करून घेतली. आता मी मोकळी."

देवानं? माझ्या डोक्यात तिडीक गेली. देवानं कधी त्यांच्या चादरी धुतल्या? मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "माझ्याकडे पण आल्या होत्या."

दोघंही माझ्याकडे बघायला लागली.

"काल पहाटे," मी म्हटलं. एकदा सुरू झाल्यावर सुचत गेलं. "या इथं पायरीवर बसल्या. माझा हात धरला, उजव्या हातानं. चांगला घट्ट."

पुढचं वाक्य माझं तयार होतं. आई म्हणाल्या, तू होतीस म्हणून माझे हाल झाले नाहीत. दीपालीच्या तोंडावर ते मला ऐकवायचं होतं. खोटं तर खोटं, पण एकदा कोणाच्या तरी कानावर जायला हवं होतं.

तेवढ्यात महेंद्र म्हणाला, "माझ्याबद्दल काय बोलली?"

हा माणूस स्वतःहून बोलतच नाही. आई गेल्यापासून तर पानावर बसायचा आणि अर्धं टाकून उठायचा. मी म्हणायची, दुःख आहे, ओसरेल.

"शर्टाबद्दल काय बोलली काय?" त्यानं विचारलं.

"कसला शर्ट?"

त्यानं कप खाली ठेवला. "त्या दिवशी मी ड्युटीला निघालेलो. तू अंगणवाडीत होतीस. आयेनं डाव्या हातानं माझा शर्ट धरला, सोडीच ना. फाट्यावर कंपनीची गाडी हॉर्न मारत होती. मी बोटं सोडवली तिची. जोरानं. बोललो, सोड गो आये, काय कटकट हाय. नि गेलो. संध्याकाळी आलो तर संपलेलं."

तीन महिने हा माणूस हे पोटात घेऊन माझ्या शेजारी झोपत होता आणि मी विरारच्या स्वप्नांवर जळत बसले होते. माझं वाक्य अजून जिभेवर होतं. ते मी गिळलं.

"बोलल्या ना," मी म्हटलं. "म्हणाल्या, बाबल्याला सांग, गाडी मिळाली ना वेळेवर, मग झालं. मी आपलं उगाच धरून ठेवलेलं."

लहानपणापासून आई त्याला बाबल्याच म्हणायच्या. त्यानं खांद्यावरचा टॉवेल तोंडावर घेतला आणि तसाच बसून राहिला. दीपालीही डोळे पुसत होती. त्या दुपारी महेंद्रनं दोनदा भात मागून घेतला आणि संध्याकाळपर्यंत गाढ झोपला.

माणसं मेल्यानंतरचं काही का मानतात, ते मला त्या दिवशी कळलं. जे ऐकायचं असतं ते एकाच माणसाकडून ऐकायचं असतं, आणि नेमकं तेच गेलेलं असतं. मग झुरळाच्या रेघेलाही पाखरू म्हणावं लागतं. एवढं सगळं समजलं तरी माझा हेवा गेला नाही. उलट आता तो महेंद्रचाही वाटायला लागला. त्याला सांगायला मी होते. मला खोटं सांगायला कोण होतं?

जूनच्या शेवटी मला राहवेना. अंगणवाडीतून येताना वाटेत थांबले आणि दीपालीला फोन लावला. इकडचं तिकडचं विचारून झालं आणि मग म्हटलं, "एवढ्यात आई आल्या होत्या का गं?"

"नाय ओ, ताई." ती म्हणाली, "मे महिन्यात तुमच्याकडं आल्या ना, तवापासून माझ्याकडं एकदा पण नाय. मी रोज वाट बघते. खरं सांगू, आधी रागच आला मला तुमचा. मग मनाशी बोलली, बरोबर हाय. केलं तुम्ही, जीव तुमच्यावरच असणार."

हे ऐकायला मी अकरा महिने आणि वर चार महिने थांबले होते. पण ते माझ्याच खोट्यावर उभं होतं, आता त्याचा काही उपयोग नव्हता. मी म्हटलं, "दीपा, कधी आल्याच तर एक विचारशील? माझं नाव घेतात का कधी, एवढंच."

"मी कशाला?" ती म्हणाली. तिच्या आवाजातला हेवा मला लगेच ओळखू आला. "तुमच्याकडं येतात ना ताई, तुम्हीच विचारा की."

"हो, विचारते," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.