नऊच फोटो

१९१७चा एप्रिल उजाडला तरी फ्रान्समधल्या एन नदीच्या काठी बर्फ पडतच होता. फ्रेंचांचा हल्ला चार दिवसांवर आला होता, आणि ते गावच्या न्हाव्यालासुद्धा ठाऊक होतं. मग समोरच्या जर्मनांना नसेल कसं?

लेफ्टनंट ओनोरे वालादिए विमानातून काढलेले फोटो वाचायचा. जर्मनांच्या टेकडीवर मशिनगनच्या शंभरावर नव्या जागा त्याला भिंगाखाली दिसल्या होत्या. कर्नल ब्रेसाक यांनी त्याचे बारा फोटो पाहिले, त्यातले तीन खणात टाकले आणि खण लावून घेतला.

"पॅरिसहून खासदार येताहेत. नऊच दाखव."

"साहेब, खरं काय ते त्या तिनांतच आहे."

"म्हणूनच सांगतोय."

दुपारी जेवणाला बदक होतं. खासदार मोर्तान्ये बोटं चाटत बातम्या सांगत होते. रशियात झारची गादी गेली, अमेरिका युद्धात उतरली, तिची फौज येईपर्यंत थांबावं असं काही मंत्री म्हणतात. मग एकदम वळून म्हणाले, "काय हो लेफ्टनंट, तुमचं भिंग काय म्हणतंय?"

कर्नलचा काटा हवेतच थांबला.

"जर्मनांच्या काटेरी तारा जशाच्या तशा आहेत, साहेब," ओनोरे म्हणाला. "आपल्या तोफांनी काही मोडलेलं नाही. पोरं चढतील आणि कापली जातील. तीन फोटो कर्नलसाहेबांच्या खणात आहेत, मागवून बघा."

मोर्तान्येंनी घास सावकाश चावून गिळला.

"फोटो कशाला? माहीत आहे मला. पण आता थांबवलं तर सेनापती राजीनामा देतील, मागोमाग सरकार पडेल. ते कोण निस्तरणार? घ्या, बदक गार होतंय."

पॅरिसच्या या लोकांना कोणीतरी फसवतंय, एवढ्याच आशेवर ओनोरे आजवर तग धरून होता. खिडकीबाहेर फ्रेंच फौजेतले, आफ्रिकेतल्या सेनेगलचे शिपाई काखेत हात खुपसून, बर्फातून वर निघाले होते. तो ताटावरून उठला.

कर्नलनी त्याला दाराशी गाठलं. "डोकं फिरलंय का तुझं? उद्या पायदळात धाडतो बघ!"

"उद्या कशाला? आत्ताच सही करा. तुमच्या पंगतीत मला घास गिळवत नाही."

सोळा तारखेला पहाटे तो पायदळाच्या एका तुकडीबरोबर टेकडी चढला. तारेपाशीच त्याचा गुडघा फुटला. तुकडीतले एकशे सत्तर वर चढले होते, एकतीस परतले.

जूनमध्ये इस्पितळात शेजारच्या खाटेवरच्याने त्याला पेपर वाचून दाखवला. संसदेत खासदार मोर्तान्ये कडाडले होते : देशापासून सत्य कोणी लपवलं, याची चौकशी झालीच पाहिजे!

"खमक्या माणूस दिसतो," शेजारी म्हणाला.

ओनोरेने पेपर मागून घेतला, ते पान चुरगाळलं आणि खाटेखालच्या लघवीच्या भांड्यात टाकलं.