व्याह्यांचं धरण

माझ्या मावशीचा कापड रंगवायचा कारखाना नदीला लागून आहे. कारखाना म्हणजे विटांच्या भट्ट्या, लाकडी हौद, वाळवणाच्या दोऱ्या आणि थेट पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. रंगवलेलं कापड शेवटी त्या पायऱ्यांवर उभं राहून खळबळायचं असतं आणि त्यासाठी पाणी वाहतं लागतं. साचलेल्या पाण्यात सुटलेला रंग जागचा हलत नाही, फिरून कापडावरच बसतो आणि डाग पडतात. नदी वाहते का, हा प्रश्न मावशीला कधी पडलाच नव्हता. नदी दुसरं काय करणार?

मग वरच्या वळणावर बर्फाच्या कारखान्याच्या मालकांनी स्वतःच्या जागेत, रीतसर परवानगी काढून, एक छोटं धरण बांधलं. धरणाच्या पाण्यावर चाक, चाकावर वीज, विजेवर बर्फ. तेव्हापासून आमची नदी सकाळी पायऱ्यांपाशी डबकं होऊन बसायची आणि दुपार कलल्यावर वाहायला लागायची. खळबळणं तर सकाळीच करावं लागतं, कारण दुपारचं ऊन वाळवणाला हवं. डागाळलेलं कापड परत येऊ लागलं. एका नाटकगृहाने सगळे निळे पडदे परत पाठवले, वर निरोप दिला, "आम्ही आभाळ मागितलं होतं, ढग नव्हे."

मावशीने मला स्वच्छ सांगितलं, "हा हंगाम असाच गेला तर भट्ट्या विझवणार आणि दाराला कुलूप लावणार. लोकांचं कापड नासवायला मी बसलेली नाही."

हे मालक दुसरे कोणी असते तर मावशीने वर जाऊन त्यांचा केव्हाच उद्धार केला असता. अडचण अशी, की ते तिचे व्याही. माझी मावसबहीण, म्हणजे ताई, त्यांची सून. बर्फाच्या कारखान्याची विक्री तीच सांभाळते. त्यामुळे भांडण व्हायचं ते साखरेत घोळूनच.

"विहीणबाई, मी पाण्याचा थेंबसुद्धा ठेवून घेत नाही," व्याही म्हणायचे. "येतं, चाक फिरवतं, जातं."

"जातं ना? मग आमच्याकडे येताना वाटेत कोणाशी गप्पा मारत बसतं?"

"नदीचा स्वभावच आळशी असेल."

"तुमच्या शेजाराला येईपर्यंत नव्हता हो."

गावाचे सरळ दोन भाग पडले. धरणामुळे वर छान तळं झालं होतं. पोरं त्यात पोहायची, म्हातारी माणसं काठावरच्या बाकांवर बसायची, व्याह्यांची पांढरीशुभ्र बदकं मधोमध मिरवायची. ही सगळी मंडळी धरणाच्या बाजूची. खालच्या अंगाचे लोक मावशीच्या बाजूचे. न्हाव्याचं दुकान बरोबर मध्यावर होतं, त्यामुळे अर्धी दाढी होईपर्यंत तो गिऱ्हाइकाच्या मताचा असायचा आणि उरलेली अर्धी होईपर्यंत स्वतःच्या.

मी नुकतीच पदवी घेऊन घरी आले होते आणि हाताला काम नव्हतं. मी नदी मोजायला घेतली. पात्राची रुंदी दोरीने, खोली काठीने, आणि वेग पाण्यात बूच सोडून. धरणाच्या वर एकदा, खाली एकदा. रोज सकाळी उत्तर तेच यायचं: वरून येणाऱ्या पाण्याच्या निम्मंही खाली उतरत नव्हतं.

"शास्त्रज्ञबाई," व्याही माझ्याकडे बघून हसले, "बाटलीच्या बुचाने नदी मोजतात होय?"

तक्रारी वाढल्या तसं पाणीखात्याने शनिवारी वाचनालयात जाहीर सुनावणी ठेवली. त्याआधी खात्याच्या अधिकारी बाई पाहणीला आल्या. मी त्यांना एक साधा उपाय सुचवला. तळ्यात निरुपद्रवी, खायचा लाल रंग मोजून मिसळायचा आणि खाली ठराविक वेळाने बाटल्या भरायच्या. किती रंग खाली पोचला त्यावरून किती पाणी पोचलं ते कळतं.

"घाला की!" व्याही म्हणाले. "जेवढा घालाल तेवढा खाली येईल. माझा शब्द."

मी हिशेब करून एक वाटीभर रंग काढला. तो डोळ्यांना दिसलाच नसता, बाटली पांढऱ्या कागदावर धरून तुलना केली तरच कळला असता. गुरुवारी सकाळी आम्ही बंधाऱ्यावर गेलो. मावशी मदतीला होती. मी वाटी पाण्यात ओतली आणि बाटल्या घेऊन खाली पायऱ्यांवर पळाले.

मावशी मागेच थांबली, आणि घोटाळा तिथेच झाला.

तिने उभी हयात कापड रंगवण्यात घालवलेली. ओतलेला रंग पाण्यात नाहीसा होताना पाहून तिला राहवेना. "पोरीने हात आखडला," असं तिला वाटलं. ती घरी आली, मी मागवलेले खायच्या रंगाचे होते तेवढे डबे उचलले आणि तळ्यात रिकामे केले. वर बंधाऱ्यावरच्या फळीने ढवळलंही.

मी परत वर गेले तेव्हा तळं कलिंगडाच्या फोडीसारखं दिसत होतं. पोरं आनंदाने किंचाळत उड्या मारत होती. बदकं काठावर येऊन उभी होती. पाण्याच्या रेषेपर्यंत गुलाबी, वर पांढरी.

"मावशी, काय केलंस गं हे!"

"दिसतो की नाही आता?" ती समाधानाने म्हणाली. "न दिसणारा रंग म्हणजे रंग का?"

किती ओतला, केव्हा ओतला, तिला काही सांगता येईना. माझ्या बाटल्या सगळ्या सारख्याच लालभडक. हिशेबाचं पार वाटोळं झालं होतं. मावशीला ते उमगायला संध्याकाळ झाली. शुक्रवारी तिने एकही भट्टी पेटवली नाही, नुसती पायरीवर बसून राहिली.

शनिवारी वाचनालय खच्चून भरलं. पुस्तकांची कपाटं भिंतीला सरकवली होती आणि मागच्या रांगेतले लोक शिड्यांवर बसले होते. अधिकारी बाईंनी मला विचारलं. मी खरं तेच सांगितलं: मोजणी फसली, माझ्याकडे दाखवायला काही नाही.

"फसली कशी?" व्याही उठले. "माझी बदकं पाहिली नाहीत का? लोक विचारतात, ही जात कुठून मागवली!" वाचनालय हसलं. "आणि बाई, नदीत रंग कोण सोडतं ते आता तुम्हीच बघा."

"माझ्या हौदांचं पाणी मी गाळाच्या खड्ड्यात सोडते," मावशी ताडकन म्हणाली. "नदीत जातं ते फक्त शेवटचं खळबळणं."

"रागावू नका, विहीणबाई. उकाडा आहे, सगळ्यांनी गार सरबत घ्या. बर्फ माझा. विंधणविहिरीच्या पाण्याचा, काचेसारखा!"

त्यांनी ताईला खूण केली. ताईने आणि एका कामगाराने बर्फाची अख्खी लादी टेबलावर आणून ठेवली. खरंच काचेसारखी होती. व्याह्यांनी बाह्या सरसावल्या, टोच्या घेतला आणि सगळ्यांना दिसेल असा मधोमध घाव घातला.

लादी उभी दुभंगली. आत, बरोबर गाभ्यात, जाडजूड गुलाबी पट्टा होता.

मग मागून, शिडीवरून, न्हावी म्हणाला, "बदकं आतपण गेली होती का हो?"

हशा ओसरेपर्यंत मी टेबलापाशी पोचले होते. लादी बाहेरून आत गोठत जाते. गोठणारं पाणी मिसळलेली वस्तू पुढे ढकलत नेतं, आणि शेवटी ती सगळी गाभ्यात गोळा होते. म्हणूनच बाहेरून कोणाला काही दिसलं नव्हतं. मी ते सांगितलं आणि ताईकडे वळले. "ताई, हे पाणी कुठलं?"

व्याहीही तिच्याकडेच बघत होते. त्यांचा चेहरा मात्र खराखुरा भांबावलेला होता.

"बाबा, धरण झालं तेव्हाच विंधणविहीर आटली होती," ताई म्हणाली. "तुम्हीच म्हणालात, कुठूनही पाणी आणा, पण बर्फ थांबता कामा नये. यंत्रावरच्या मिस्त्रींनी पंपाची नळी तळ्यात सोडली."

"मग विहिरीला पाणी आल्यावर काढली नाही?"

"काढा असं कोणी सांगितलंच नाही. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. मिस्त्रींना वाटलं, मला माहीत आहे."

"पण लाद्यांना असं लागतं किती पाणी?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"लाद्यांना थोडंच," ताई म्हणाली. "यंत्र गार ठेवायला खूप लागतं. यंत्र सकाळी चालतं, दुपारी लाद्या विकायला निघाल्या की बंद. तापलेलं पाणी मागच्या नाल्यात जातं."

तो नाला मला माहीत होता. तो नदीलाच मिळतो, पण मावशीच्या पायऱ्यांच्या पुढे. अधिकारी बाई उठल्या, सगळी सभा त्यांच्यामागून चालत निघाली. नाल्याच्या तळाचा गाळ गुलाबी होता.

"बघा!" व्याह्यांना एकदम जोर चढला. "शेवटी नदीलाच दिलं ना? एक थेंब ठेवला नाही!"

"ठेवला नाही खरं," मावशी म्हणाली. "फक्त माझं दार चुकवून नेला."

आधी व्याह्यांची मिशी हलली, मग पोट, आणि ते मोठ्याने हसले. "हरलो, विहीणबाई."

बाईंनी तिथेच उभ्या उभ्या निर्णय सांगितला. बर्फ विहिरीच्या पाण्याचा करायचा. यंत्रासाठी तळ्यातलं पाणी घ्यायचं तर ते पायऱ्यांच्या वर नदीत परत आणायचं. आणि मावशीने गाळाचा आणखी एक खड्डा खणायचा.

मावशी ऐकत होती, पण तिचं लक्ष भलतीकडे होतं. तिने नाल्यात हात घातला होता.

"व्याहीबुवा, हे पाणी रोज असंच कोमट असतं?"

"असतं. का?"

"कोमट पाण्यात सुटा रंग झटकन निघतो. इतकी वर्षं मी भट्टीवर आधणं ठेवत होते."

नवी नळी टाकली त्या सकाळी नदी पायऱ्यांवरून खळाळत गेली. मावशीने नाटकगृहाचे निळे पडदे पुन्हा रंगवले होते. ते तिने पहिल्यांदा पाण्यात सोडले, ओढले, उन्हात धरले. कुठे ढगाचं नाव नव्हतं.

वरून व्याही आले, मागोमाग त्यांची बदकं. धरणाच्या वादाचं तेवढंच शिल्लक उरलं होतं; पिसांवरचा रंग काही केल्या जात नव्हता. पीस लोकरीसारखंच असतं, हा रंग धरून बसतं, असं मी त्यांना समजावलं.

"म्हणजे यांचं आता असंच?" त्यांनी काळजीने विचारलं.

मावशीने ओले हात पदराला पुसले, एक बदक उचललं, उलटसुलट करून पाहिलं. गुलाबी पोट, पांढरी पाठ, मध्ये वेडीवाकडी रेघ. तिच्या कपाळाला आठी पडली.

"छे, असं अर्धवट काम माझ्या हातून बाहेर जायचं नाही," ती म्हणाली. "ठेवून जा इथेच. एकसारखी करून देते."