लतिकाबाईंनी चहा सोडला

वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या लतिकाबाईंच्या गॅलरीतून एकेकाळी तुंगारेश्वरचा डोंगर थेट दिसायचा, असं आज कुणाला सांगितलं तर लोक हसतात. हसू देत बापडे. लतिकाबाईंना तो अजून दिसतो, कारण त्यांच्या मनात अजून अठ्ठ्याण्णव साल चालू आहे. त्या साली त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या. वसई पूर्वेच्या एका कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी होत्या. कामगारांची मनं आणि व्यसनं कशी हाताळायची हे शिकायला कंपनीने त्यांना दहा शनिवारांच्या वर्गाला धाडलं होतं.

वर्ग भरायचा जुन्या वसईत, चर्चच्या हॉलमध्ये. निरनिराळ्या कारखान्यांतून आलेली अकरा माणसं, एक फळा, खिडकीबाहेर केळी, आणि मागच्या स्वयंपाकघरात सालोमीबाईंचा चहा. इतक्या वर्षांनी पुन्हा बाकावर बसायचं, वहीला समास आखायचा, याचंच बाईंना कोण अप्रूप! शिकवायला रुडॉल्फ सर. ते स्वतः एकेकाळचे पट्टीचे पिणारे, चौदा वर्षांपूर्वी सुटलेले. एखाद्याने आपलं गाव सांगावं तितक्या सहज त्यांनी हे पहिल्याच तासाला सांगून टाकलं.

"आता तुमची पाळी," सर म्हणाले. "दहा आठवडे प्रत्येकाने आपली एक सवय सोडायची. जी सुटणार नाही असं वाटतं, तीच. दर शनिवारी खरं काय ते सांगायचं. त्याशिवाय समोरच्याला सोड म्हणायचा तुम्हाला हक्क नाही."

कुणी सिगारेट म्हणालं, कुणी मटक्याचा आकडा. लतिकाबाई म्हणाल्या, "चहा."

आता खरं सांगायचं, तर बाईंना चहाचं एवढं काही नव्हतं. त्यांना होती मशेरी. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड माहेरी कराडकडे आईच्या डबीतून दातांना लागली ती लागलीच. सकाळी एकदा, दुपारी जेवणानंतर कारखान्याच्या बाथरूममध्ये कडी लावून एकदा. घरच्यांना ठाऊक, पण बाहेर? कडक इस्त्रीची साडी नेसणाऱ्या, इंग्रजीत मेमो लिहिणाऱ्या अधिकारीण बाई मशेरी लावतात, हे चारचौघांत सांगायचं म्हणजे जीव द्यायचीच पाळी.

तर बाईंनी चहा सोडला. त्याचं काय कौतुक झालं! सालोमीबाई त्यांच्यापुरतं लिंबाचं सरबत करून आणायच्या, वर "कशी हो राहता तुम्ही?" म्हणून हळहळायच्या. दर शनिवारी बाई उठून सांगायच्या, "एक घोटही नाही," आणि सगळा वर्ग टाळ्या वाजवायचा. रुडॉल्फ सर तेवढे नुसती मान हलवायचे.

इकडे कारखान्यात शत्रुघ्नचं प्रकरण पेटलं होतं. शत्रुघ्न खाडीकाठच्या शेतकरी घरातला, अकरा वर्षं लेथ मशीनवर. हात असा, की सुताचाही फरक पडायचा नाही. पण गेली दोन वर्षं सोमवारी हजर नाही, आणि हजर असला तर दारूचा वास. मॅनेजर साहेबांनी काढून टाकायचं पत्र टाईपही करून ठेवलं होतं. वर्गात शिकलेलं सगळं पणाला लावून बाईंनी त्यांच्याकडून एकच गोष्ट मिळवली होती. कामगाराने स्वतः येऊन दारूचं कबूल केलं, तर त्याला काढायचं नाही, महिनाभर उपचाराची रजा द्यायची. न सांगता पकडला गेला, तर मात्र सरळ घरी. शत्रुघ्नला त्यांनी पुढच्या सोमवारपर्यंतची मुदत दिली होती.

त्या गुरुवारी शत्रुघ्न बाईंच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. बाईंनी त्याला बसवलं, आणि सरांनी शिकवल्याप्रमाणे गप्प राहून त्याला बोलू दिलं.

"म्याडम, तुमचा शब्द मी मानला," तो छाती पुढे काढून म्हणाला. "बिडी सोडली. म्हैना झाला, हात लावला नाय. घरात कोनालाबी इचारा."

"आणि दारू?"

"बिडी सोडनं काय सोपं हाय काय, म्याडम? लई तरास झाला. पन सोडली!"

आणि तो कौतुकाची वाट पाहत बसला. त्याच्या तोंडाला सकाळी अकरा वाजता वास येत होता. लतिकाबाईंना आधी राग आला, मग हसू, आणि मग एकदम आपला चहा आठवला. हा माणूस जे करत होता, तेच त्या चार शनिवार करत होत्या. आणि त्यांना तर टाळ्याही मिळत होत्या.

त्यांनी पर्स उघडली, पितळेची डबी काढली आणि टेबलावर ठेवली.

शत्रुघ्नने झाकण उघडून हुंगलं. "मशेरी? तुमी?" तो असा हसला की बाहेरचा शिपाई डोकावून गेला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते थांबेचना. बाहीने तोंड पुसत तो म्हणाला, "रोज घेतो, म्याडम. आत्ता येतानाबी घेतली. हात कापतो ना, मग लेथ धरता येत नाय."

"हेच साहेबांना सांगा."

"अन् त्यांनी काढला तर? घरवाली धोंडूबाई अन् दोन पोरी हायेत माझ्या जीवावर." त्याने झाकण लावून डबी बाईंकडे सरकवली. "तुमी सांगितलं का कोनाला? त्या तुमच्या शिकवनीत?"

"नाही."

"मंग पयलं तुमी सांगा. शनवारी. मंग मी सांगतो."

शनिवारी बाईंची पाळी आली तेव्हा सालोमीबाई सरबताचा पेला घेऊन नेमक्या दारात उभ्या होत्या. बाईंना वाटलं, आत्ताच्या आत्ता वीज जावी, काहीही व्हावं. त्यांनी बाक घट्ट धरला आणि सांगितलं. मशेरीचं, आईच्या डबीचं, बाथरूमच्या कडीचं, आणि चहाचंसुद्धा. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. सालोमीबाईंनी पेला पुढ्यात ठेवला आणि जाता जाता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. रुडॉल्फ सर एवढंच म्हणाले, "आज तुमचा पहिला दिवस."

सोमवारी सकाळी शत्रुघ्न मॅनेजरच्या केबिनबाहेर उभा होता. दाढी केलेली, शर्ट धुतलेला, हात मात्र थरथरणारे.

"सांगितलं?" त्याने विचारलं.

"सांगितलं."

"सगळं?"

"सगळं."

तो आत गेला. दार लोटलेलं, पण मधली भिंत प्लायवूडची. लतिकाबाई बाहेरच्या खुर्चीवर पदर मुठीत धरून बसल्या. आपण याला बळी तर दिला नाही ना, या विचाराने त्या पुन्हा पुन्हा दाराकडे बघत होत्या.

"सायेब," मग ऐकू आलं, "मी दारू पितो. मला सुटत नाय. मदत करा."

कागद सरकल्याचा आवाज झाला. ड्रॉवर उघडला, बंद झाला. मग मॅनेजर साहेबांचा आवाज आला, नेहमीपेक्षा बराच खालचा.

"बसा, शत्रुघ्न."

अकरा वर्षांत त्या केबिनमध्ये त्याला कुणी बसा म्हटलं नव्हतं. बाहेर लतिकाबाई पदराने डोळे पुसत राहिल्या. कोण बघतंय याची त्या दिवशी त्यांना पर्वा नव्हती.