चेर्निहिवचा व्याही

"एकोणचाळीस... चाळीस." गालिनानं उंबऱ्यावर बसल्या बसल्या तिसऱ्यांदा बोटं मोजली आणि मान वर केली. "आबा, आज शे. आजच शे."

अभिमन मिस्तरी लुना अंगणात काढत होता. डबा हँडलला अडकवलेला, करणी आणि ओळंबा पिशवीत. कामावर जायला आधीच उशीर झाला होता.

"काय शे आज?"

सुनेनं हातातला कागद पुढे केला. आताच टपालवाला देऊन गेला होता. त्यावरची अक्षरं अभिमनला वाचता येत नव्हती, पण सुनेचा चेहरा येत होता.

"मन्हा बाप गया," ती म्हणाली. "सहा फेब्रुवारीले. बहीणनी तवाच लिखं, कागद आते उना. आज चाळीसवा दिन शे."

"मिकोलाभाऊ गया?"

तिनं नुसती मान हलवली. अभिमननं लुना परत भिंतीला टेकवली, मग पुन्हा सरळ केली, मग पुन्हा टेकवली. ज्या माणसाला त्यानं कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं त्याच्यासाठी छातीत असं काही हलेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

त्याचा मुलगा जीवराम चौऱ्याऐंशी साली डॉक्टरकी शिकायला रशियात गेला आणि सात वर्षांनी गालिनाला घेऊन धुळ्याला परतला. ती रशियाची नव्हे, युक्रेनची, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. पण शेजारच्या सुंदरबाईला तिच्या नावात गाळण्याचा किल्ला ऐकू आला. "गाळणानी शे का वं तू?" असं तिनं विचारलं आणि तेव्हापासून गल्लीत तिचं नाव गाळणावाली पडलं. जीवरामची नेमणूक पहूरच्या दवाखान्यात झाली, तो शनिवारी यायचा. गालिना सासू-सासऱ्यांजवळ राहिली. मराठी ती वर्तमानपत्रातून शिकली नाही, सासूच्या, पुष्पाबाईच्या चुलीजवळ शिकली. त्यामुळे ती अस्सल अहिराणी बोलायची आणि बाजारात लोक भाजी घ्यायचं सोडून तिच्याकडे बघत राहायचे.

अभिमन मात्र वर्षभर तिच्याशी बोलला नव्हता. तिच्या हातचं पाणी प्यायचा, तिच्याकडे न बघता. मग एका दुपारी ती आपली पेटी आवरत असताना एक फोटो जमिनीवर पडला. उंच परांचीवर एक माणूस उभा होता. उजव्या हातात करणी, डाव्या तळव्यावर वीट, आणि दोरीचं टोक दातात धरलेलं. अभिमन स्वतः चाळीस वर्षं दोरी अशीच दातात धरत आला होता.

"हाऊ कोन?" सुनेशी बोललेले त्याचे ते पहिले शब्द.

"मन्हा बाप."

"मिस्तरी?"

"मिस्तरी."

त्या दिवशी तो परत कामावर गेला नाही. गालिनानं पेटीतली सगळी चित्रं त्याच्यासमोर मांडली. तिचं गाव चेर्निहिव. तिथली हजार वर्षांची मोठी चर्चं, पांढऱ्या भिंती, हिरवे आणि सोनेरी घुमट. सगळ्यांत जुन्या चर्चला दोन मिनार होते, एक एका तऱ्हेचा, दुसरा दुसऱ्या तऱ्हेचा. ते बघून अभिमन हसला. "दोन मिस्तरीसनं पटनं नसी," तो म्हणाला. मग तिनं शुक्रवार नावाच्या संतिणीचं छोटं विटांचं चर्च दाखवलं. दुसऱ्या महायुद्धात त्याच्यावर बॉम्ब पडले, अर्धं चर्च कोसळलं. ते पुन्हा बांधायला घेतलं तेव्हा मिकोला नुकता हाताशी आलेला गवंडी. जुन्या विटा भाकरीसारख्या चपट्या, म्हणून नव्याही तशाच भाजून घेतल्या. जवळजवळ वीस वर्षांनी ते चर्च पुन्हा उभं राहिलं. पुढे मिकोला निझिनला, कोझेलेत्सला, जिथे जुना घुमट गळत असेल तिथे जात राहिला.

"चुनामा काय टाके?" अभिमननं विचारलं.

गालिनाला शब्द आठवेना. तिनं विटेचा तुकडा उचलला आणि दगडानं ठेचून दाखवला.

"सुरखी!" अभिमन ओरडलाच. "अगं, ही तं आपली सुरखी!"

मग कागद जाऊ-येऊ लागले. अभिमन सांगायचा, गालिना लिहायची. तिकडून चौकटीच्या वहीचं पान यायचं, त्यावर घुमटाचं चित्र. सोनगीरजवळच्या एका खेड्यात देवळाचं काम अभिमनकडे आलं तेव्हा त्यानं गावकऱ्यांना छातीठोक सांगितलं, की घुमट विटांचा करीन आणि खाली आधाराला सेंट्रिंगची एक फळीसुद्धा लावणार नाही. हे धाडस मिकोलाच्या चित्राच्या जिवावर होतं. घुमट पुरा झाला की फोटो पाठव, असं मिकोलानं शेवटच्या कागदात लिहिलं होतं. आता वरचे चारच थर उरले होते.

"चाळीसवा म्हंजे काय करतस तुम्हनामा?" अभिमननं विचारलं.

"चाळीस दिन जीव आठेच फिरस. आज तो जास. दिन बुडाना पहिले चर्चमा बत्ती लावनी पडस. घुमट खाले." गालिना उठून उभी राहिली, पुन्हा बसली. "आठे कोठे शे तसं चर्च?"

पुष्पाबाई आतून सगळं ऐकत होती. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून गहू निवडण्याचा आवाज आला. तिकडे मेलेल्याच्या नावानं शिजवलेले गहू, मध आणि खसखस खातात, हे गालिनानं मागे कधी तरी सांगितलं होतं ते तिच्या लक्षात होतं. मध खोकल्यासाठी ठेवलेल्या बाटलीतला निघाला. डबा भरून सुनेच्या हातात देताना ती एवढंच म्हणाली, "बाप व्हता तुना. रडी ले ना वं."

पण गालिनाला रडायला वेळ नव्हता.

धुळ्यातल्या मिशनच्या चर्चमध्ये ते पोचले तेव्हा दुपार झाली होती. पाळक साहेब जेवणावरून उठून आले. भला माणूस. त्यांनी दोघांना बाकावर बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"बाई, मी तुमच्यासाठी प्रार्थना करतो," ते म्हणाले. "पण मेलेल्यांसाठी मेणबत्ती लावायची पद्धत आमच्यात नाही. तुम्हाला खोटं सांगून कसं चालेल?"

त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली. गालिना उभी राहिली, पण तिची नजर वर फिरत होती. वर कौलं होती, लाकडी वासे होते. भिंतीवर एकही चित्र नव्हतं. पाळकांचे हात हातात घेऊन तिनं आभार मानले आणि बाहेर येऊन पायरीवर बसली. हातात एक बारीक पिवळी मेणबत्ती होती. तिकडून येताना आणलेली ती बत्ती धुळ्याच्या दोन उन्हाळ्यांत पेटीतल्या पेटीत वाकडी झाली होती. गालिना ती बोटांनी सरळ करत होती आणि ती पुन्हा वाकत होती.

अभिमन फाटकापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. त्याला एका जागी उभं राहवेना.

"बस माघे," तो एकदम म्हणाला.

"कोठे?"

"घुमट खाले."

आग्रा रोडवर मार्चचा वारा सुटला होता. मालट्रक शेजारून गेला की लुना डोलायची. मागे बसलेली गालिना एका हातानं डबा आणि दुसऱ्या हातानं सासऱ्याचा सदरा धरून होती. सोनगीरचा किल्ला दिसू लागला तेव्हा ऊन कलतं झालं होतं.

देवळापाशी सामसूम होती. मिस्तरी नाही म्हणून मजूर घरी गेले होते. घुमट वरून उघडा होता, आभाळाचा एक गोल तुकडा आत दिसायचा. गालिना बाहेरच थांबून वर बघत राहिली. मग तिच्या तोंडून तिच्या भाषेत काही तरी निघालं.

"काय म्हनस?"

"बापना थर शेतस. तसाच."

अभिमनला वाटलं, आता उशीर नको. "वर चढशी? नवा थरनी पहिली वीट तू ठेव. त्याना नावनी. आनी तठेच बत्ती लाव."

ती साडीचा पदर खोचत परांचीपाशी गेली तोच कौतिक पाटील मळ्याकडून येताना दिसले. देवस्थानाचे ते अध्यक्ष. अभिमनशी त्यांची जुनी ओळख. अभिमननं काही न लपवता सगळं सांगितलं. पाटलांनी ऐकलं, डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

"अभिमनभाऊ, ती गोरी शे, परधर्मनी शे, ते मी नही म्हनत. मी तिले घर जेवाले बलावसू. पन तिना बाप मरी गया ना? आज कागद उना म्हंजे सुतक शे. सुतकवाली देवळमा कशी जाई, वर कशी चढी? तूच सांग."

दुसरा कोणी आपल्या सुनेला असा घेऊन आला असता तर अभिमन स्वतः हेच बोलला असता. तरी अंगात आग भडकली. हा घुमट ज्याच्या कागदावर उभा आहे त्याच्या लेकीला खाली उभं करता? त्यानं पिशवीतली करणी काढून विटांवर आपटली. "मंग ह्या घुमटले मन्हा बी हात..."

"आबा." गालिनानं त्याचा दंड धरला. "नका बोलू. मन्हा बापले बी नही म्हनेत. चर्च पुरं व्हयनं तं सरकारना साहेब बोलना, आठे पूजा नही, आठे म्युझियम. बापनी करणी उचली आनी दुसरा घुमटवर गया. बाप म्हने, आपलं काम वीट शे." तिनं खाली पडलेली करणी उचलून सासऱ्याच्या हातात दिली. "सुतक तं शे, आबा. पाटील खोटं नही बोलनात."

पाटील ओशाळले. काही तरी पुटपुटत विहिरीकडे निघून गेले.

सूर्य किल्ल्याच्या बाजूला खाली उतरत होता. देवळाच्या आवाराबाहेर, निंबाच्या झाडाखाली, गालिना मातीत गुडघे टेकून बसली. तिनं बत्ती मातीत रोवली. काडी ओढली, वाऱ्यानं विझवली. दुसरी ओढली, तीही गेली. तिसऱ्या काडीला सकाळपासून न आलेलं रडू तिला आता आलं.

अभिमननं एकदा तिच्याकडे आणि एकदा सूर्याकडे बघितलं. मग तो धावत विटांच्या ढिगाकडे गेला. हाताला येतील तेवढ्या विटा आणि विटांचे तुकडे सदऱ्याच्या ओच्यात भरून आणले. चुना नाही, पाणी नाही. बत्तीभोवती त्यानं कोरडा गोल थर मांडला, पुढे हात जाईल एवढं तोंड ठेवलं. त्यावर दुसरा थर, बोटभर आत. मग तिसरा, आणखी आत. म्हाताऱ्या हातांनी एवढ्या घाईनं वीट त्यानं कधीच लावली नसेल. पण एकही हलली नाही. शेवटी वर एक विटेचा तुकडा बसवला आणि तो धापा टाकत मागे सरला.

"लाव."

गालिनानं त्या तोंडातून काडी आत नेली. बत्ती पेटली. ज्योत एकदा वाकली आणि सरळ उभी राहिली. आतल्या विटा सोन्यासारख्या दिसू लागल्या.

तिनं कपाळापासून छातीपर्यंत, मग एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत हात नेला. हलक्या आवाजात काही म्हणत राहिली; त्यात मिकोला हे नाव पुन्हा पुन्हा येत होतं. अभिमननं टोपी काढली. डबा उघडून तिनं गोड गहू त्याच्या तळव्यावर ठेवले आणि दोघांनी ते सावकाश चावून खाल्ले.

किल्ल्यामागे सूर्य गेला. बत्ती शेवटपर्यंत जळली, मग तिचं मेण मातीत मिसळलं.

"दिन बुडाना," अभिमन म्हणाला. "आते सुतक?"

गालिनानं पदरानं तोंड पुसलं. "सरनं. चाळीस दिन व्हयनात."

त्यानं विटा एकेक करून उतरवल्या. त्या देवळाच्या होत्या. जिथून घेतल्या तिथे तो पुन्हा रचून ठेवू लागला. एका विटेच्या पोटाला बत्तीची काजळी लागली होती. ती त्यानं सदऱ्यानं पुसायला घेतली आणि मधेच थांबला. ती वीट त्यानं बाजूला ठेवली. बाकीच्या सगळ्या नीट रचून झाल्या तेव्हा ती ढिगाच्या अगदी वर, सकाळी नव्या थरासाठी पहिला हात तिच्यावरच जाईल अशी ठेवली आणि लुनाकडे वळला.