कांद्याच्या मुळाचं टोक

रामाकोन्याच्या नर्सरीत शोभा बावीस वर्षांपासून संत्र्याची कलमं बांधत होती. जंभेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपाची साल चिरायची, संत्र्याच्या फांदीवरचा कोंबाचा डोळा आत बसवायचा, पट्टी आवळायची. तिच्या हातचे शंभरातले पंच्याण्णव डोळे जगत. ते जगतात कसे, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तिची लेक मोनाली सौसरच्या कॉलेजात बीएस्सीला होती. कांद्याच्या मुळातल्या विभागणाऱ्या पेशी तिला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायच्या होत्या. तीनदा स्लाइड केली, तिन्ही वेळा फसली.

"एकही पेशी विभागताना दिसून नाही राहिली, माय," ती रडकुंडीला आली.

ग्लासावर ठेवलेला कांदा शोभानं उचलून पाहिला. "हे लांब मूळ कापलं का? जून झालं ते. हे आखूड, पांढरंशुभ्र पाह्य, याची वाढ चालू हाये. अन् दुपारी काऊन कापतं? आमी कलमाच्या डोळ्याइची काडी सकाळीच कापतो."

दुसऱ्या दिवशी शोभानं सुट्टी टाकली, सकाळीच निघाली आणि कांद्याचा ग्लास मांडीवर सांभाळत लेकीसोबत बसनं सौसरला गेली. मोनालीला शिकवणाऱ्या सुचिता मॅडमनी तिला प्रयोगशाळेत बोलावून घेतलं. मोनालीनं कोवळं टोक कापलं, आम्लात मऊ केलं, लाल रंग दिला, काचेखाली अंगठ्यानं दाबलं. भिंगाला डोळा लावला अन् किंचाळलीच, "माय, सापडल्या!"

शोभाला आधी स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग एकाएकी विटांसारखे कप्पे उमटले. एकात लाल धागे मधोमध रांगेत उभे होते. दुसऱ्यात त्यांचे दोन झुबके दोन टोकांना सरकलेले. तिसऱ्यात मध्ये बारीक भिंत पडून एकाच्या दोन खोल्या झालेल्या.

"कलमातही असंच होते का, मॅडम?"

"अगदी असंच. चिरलेल्या जागी दोन्हीकडच्या पेशी वाढतात, विभागतात, एकमेकींना घट्ट जुळतात. म्हणून डोळा जगतो, शोभाताई."

"अन् माणसात?"

"आपल्या पेशीत भिंत नाही पडत. पेशीच कमरेशी आवळत जाते आणि तिच्या दोन होतात. तुमच्या अंगठ्यावरची ही चीर तशीच भरली."

शोभा अंगठा उलटसुलट करून पाहत राहिली. मग हसू आवरेना तिला. मागे पोरापोरींची रांग लागली होती, तरी तिनं आणखी एकदा भिंगाला डोळा लावलाच.

"पुढच्या शनिवारी आमच्या मुलांना कलम बांधायला शिकवाल का?" मॅडमनी विचारलं.

"आना ना समद्याइले," शोभा म्हणाली. "पण सकाळी लवकर या."

परतीच्या बसमध्ये शेजारी जामसांवलीच्या देवळात दर्शन घेऊन आलेली एक अनोळखी बाई बसली होती. रामाकोना येईपर्यंत शोभानं तिला एका पेशीच्या दोन कशा होतात, ते पदराचं टोक चिमटीत धरून दोनदा समजावलं.