गल्लीच्या तोंडाशी उभी कार

रिठदला शाळेत शिकवणाऱ्या रत्नमालाची नवी ऑटोमॅटिक कार गल्लीच्या तोंडाशीच उभी असायची. शनिवारी संध्याकाळी ती सुरूच होईना. आतला दिवा चालू राहून बॅटरी पार उतरली होती. मेकॅनिकला सोमवारी बोलावू म्हणून तिने किल्ली खुंटीला अडकवली. कुणाला सांगितलं नाही. हट्टाने घेतलेली गाडी, लोक हसले असते.

रविवारी सकाळी चहा पिताना शेजारच्या उकंडरावांचं तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. गल्लीतल्याच माणिकरावने त्यांना आपल्या जीपमध्ये घातलं. पण गल्लीचं एक टोक बंद, अन् दुसऱ्या टोकाला रत्नमालाची कार.

"मॅडम, गाडी काढा लवकर!"

"सुरू नाही होऊन राह्यली."

"मंग न्यूट्रल करा, आमी लोटतो!"

बॅटरी उतरल्याने गिअरचा दांडा पार्किंगवरून सुटेना. चार जणांनी जोर लावला तरी चाकं जागची हलली नाहीत. जीपमध्ये वच्छला नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन नुसती पाहत होती. असं अडलं तर काय करायचं, हे शोरूमवाल्याने सांगितलं होतं. तेव्हा रत्नमाला फोटो काढण्यात गुंग होती. तिने भावाला, संघदीपला फोन लावला. तिसऱ्यांदा लागला.

"ताई, दांड्याच्या बाजूले लहानसं झाकण आहे, ते उचक. ब्रेकवर पाय ठेव, भोकात स्क्रूचा पेचकस दाब, मंग दांडा ओढ."

खट्‌कन दांडा न्यूट्रलला आला. तिने हँडब्रेक सोडला, लोकांनी गाडी कडेला लोटली अन् जीप वाशिमच्या रस्त्याला लागली. तोवर पंचवीस मिनिटं गेली होती.

उकंडराव वाचले, पण हात उठला नाही.

पंधरवड्याने रत्नमाला भेटायला गेली. वच्छला नवऱ्याला भरवत होती. "रत्नमालानं डोकं चालवलं म्हून गाडी हालली," ती कौतुकाने म्हणाली. रत्नमालाला ते ऐकवेना.

"वच्छलाताई, गाडी आदल्या दिवशीच बंद पडली होती. मले मालूम होतं. मी कोणाले बोलली नाही."

वच्छलाचा हात थांबला. "काहून वं?"

"लाज वाटली."

वच्छलाने उरलेला वरणभात भरवला, उकंडरावांचं तोंड पुसलं.

"घरी जाय तू. मले आज तुयासंगं बोलवत नाही." रत्नमाला दारापर्यंत गेल्यावर मागून आवाज आला, "उद्या ह्यायले दवाखान्यात न्या लागते. नऊले गाडी आन."

नऊच्या आधीच रत्नमालाने गाडी दारात आणली. वच्छला नवऱ्याला घेऊन मागच्या सीटवर बसली अन् वाशिम येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिली.