न दुखणारी गाठ

आमच्या गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी, मार्ता लिंडक्विस्टनी, माझ्या नवऱ्याच्या मानेकडं बोट दाखवून सांगितलं होतं, "ब्रिटा, गायीला अशी गाठ दिसली असती तर मी सुई घालून बघितलं असतं. नेल्सला माणसांच्या डॉक्टरकडं धाड."

मी म्हटलं, धाडते, आधी मका आत येऊ द्या. तो ऑक्टोबर होता. मका आला, बर्फही आलं. नेल्स गेला नाही.

जाणार कसा? गोठ्यात साठ गायी. पहाटे पाच आणि संध्याकाळी पाच, सणवार नाही. सासरे ऑर्विल यांचा गुडघा गेलेला, माझ्या कडेवर सात महिन्यांची एल्सी. मोठं इस्पितळ दोन तासांवर. दावं गायींच्या गळ्यात असतं म्हणतात. आमच्या घरी ते कुणाच्या गळ्यात आहे हे मला त्या हिवाळ्यात कळलं.

सासऱ्यांनी गोठ्यातला काळ्या मलमाचा डबा काढला. गायीचं गळू पिकवायला लावतात तेच. "पिकंल, फुटंल, मोकळी होईल," म्हणाले. कॉलेजात जीवशास्त्र शिकलेली मी, रोज सकाळी नवऱ्याच्या मानेला ते मलम चोळत होते. नोव्हेंबरात गाठ जरा बसलीही. सासरे आठवडाभर मिरवले. नाताळापर्यंत तिथं तीन झाल्या, एक गळ्याच्या हाडावर. बोटाखाली रबरासारख्या सरकायच्या. दुखतं का म्हणून विचारलं की नेल्स नाही म्हणायचा, आणि आमच्याकडं जे दुखत नाही त्याला कुणी हात लावत नाही.

सकाळी त्याच्या बाजूची चादर पिळून काढावी इतकी ओली असायची. घर ऊबदार ठेवणारी भट्टी फार तापते म्हणून मी ती कमी केली. एल्सीला सर्दी झाली. अंगाला खाज सुटायची, ती वाळल्या गवताच्या धुळीवर ढकलली. पट्ट्याला त्यानं आरीनं दोन नवी भोकं पाडली, तर पेंडीच्या गिरणीवरची माणसं म्हणाली, बायको उपाशी ठेवते वाटतं.

शुक्रवारी आम्ही सगळे चौकातल्या खानावळीत तळलेले मासे खायला जातो. तिथं नेल्सनं दोन घोट घेऊन बियरचा पेला खाली ठेवला आणि मान धरली. शेजारचा गस म्हणाला, "बायकोनं बंद केली व्हय रं?" सगळे हसले. मीही हसले. पुढच्या शुक्रवारी तेच. तिसऱ्या शुक्रवारी मला हसू आलं नाही. गाडीत बसल्यावर विचारलं.

"बियर घेतली की गाठ ठणकती," तो म्हणाला. "नाय घेतली तर काय नाय. मग घेत नाय, झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इस्पितळात फोन केला. मंगळवार मिळाला.

"गायींना काय सांगू? मंगळवारी दूध देऊ नका?" सासऱ्यांनी विचारलं.

"मी पिळते."

"आन् पोरगी?"

"ती पेंढ्यात बसंल. तुम्ही वाढलात की तशीच."

मंगळवारी पहाटे माझ्या आधी गोठ्यात जाऊन, लंगडत, सासऱ्यांनी दूध काढायची यंत्रं लावायला सुरुवात केली होती. मलमाचा डबा कुठं दिसला नाही.

गाठ काढून तपासली. लसीकाग्रंथींचा कर्करोग, छातीतही उतरलेला. घाम, खाज, बियरनं ठणकणं, सगळं त्याचंच होतं. डॉक्टर म्हणाले, याला औषध लागू पडतं, पुष्कळांना पडतं. मग त्यांनी विचारलं, पहिल्यांदा कधी दिसली? मी ऑक्टोबर म्हणाले. त्यांनी ते कागदावर लिहिलं, वर त्या दिवसाची फेब्रुवारीतली तारीख होती.

आता दर दुसऱ्या मंगळवारी जाऊन-येऊन चार तास रस्ता, आणि मागे साठ गायी. चौथा डोस झाला. बाकीचे किती आणि पुढं काय, हे मी डॉक्टरांना विचारते तेव्हा नेल्स खिडकीबाहेर बघतो. रोज रात्री मी एल्सीच्या मानेवरून, काखेतून हात फिरवते. मला ठाऊक आहे, हे वेड आहे.

पण तुमच्या घरात कुणी असेल, पट्टा आवळत चाललेला, ओल्या चादरीतून उठणारा, तर आज जेवण झाल्यावर त्याच्या मानेला, काखेला, जांघेला हात लावून बघा. गाठ लागली तर दुखते का म्हणून विचारू नका. कधीपासून आहे ते विचारा. दोन-तीन आठवडे झाले असतील तर गाडी काढा, मका थांबेल.